दाणा कापण्याआधी

दरवर्षी मार्च उजाडला, उत्खननाचे तंबू उठले, की कुणीतरी विद्यार्थी माझ्या टेबलाशी येतो आणि खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली काढतो. आत कापसावर उत्खननात सापडलेले पाच-सहा काळे दाणे. "मॅडम, याचा डीएनए काढायचाय." मी बाटली उजेडाकडे धरते आणि दहांपैकी नऊ वेळा सांगते, "नाही निघणार. आणि आधी तो कापूस काढ." पोराचा चेहरा पडतो, मग चहा मागवावा लागतो. त्या चहावर जे बोलणं होतं तेच इथे लिहून काढते आहे. मी पुण्यात पुरा-वनस्पतिशास्त्र, म्हणजे उत्खननातल्या बिया-दाण्यांचा अभ्यास, शिकले, काही वर्षं युरोपातल्या एका प्राचीन डीएनए प्रयोगशाळेत राबले, आणि आता परत पुण्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंची दुखणी ठाऊक आहेत.

आधी रंग बघा

दाणा काळा आहे की तपकिरी, इथे निम्मा निकाल लागतो.

आपल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून येणारं धान्य जवळजवळ सगळं जळकं असतं. चुलीत सांडलं, भाजताना करपलं, घराला आग लागली. जळल्यावर दाण्याचा कोळसा होतो आणि कोळसा बुरशीला, किड्याला खाता येत नाही, म्हणून तो तीन हजार वर्षं टिकतो. घोड नदीकाठच्या इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले सातू, मसूर, कुळीथ मिळाले ते असेच. आकार इतका शाबूत की सातूच्या पोटावरची खाच मोजता येते. पण ज्या आगीने आकार राखला तिनेच आतला डीएनए संपवला. जळक्या दाण्यांतून डीएनए मिळाल्याचे दावे पूर्वी बरेच झाले, बहुतेक जुन्या पीसीआर पद्धतीने (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची रीत). २०१६ मध्ये एका गटाने नव्या सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या, यंत्रांवर जळके नमुने नेटाने तपासले, आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. अपवाद असतीलही, पण अपवादाच्या आशेवर इनामगावचा दाणा दळायला मी तरी तयार नाही. जळक्या दाण्याचं मोजमाप करा, त्याच्यासोबतचं तण ओळखा, कार्बन-१४ ने तारीख काढा. तो निकामी नाही, फक्त या कामाचा नाही.

तपकिरी दाणा म्हणजे वाळलेला. वाळवंटात, कोरड्या गुहेत, थडग्यात राहिलेला. पाणी नाही म्हणून डीएनए तुटण्याची क्रिया मंदावलेली. हे सोनं. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याच्या कड्यातल्या योराम गुहेतले सहा हजार वर्षांपूर्वीचे सातूचे दाणे असेच होते, त्यांचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा आराखडा, २०१६ मध्ये छापून आला. मेक्सिकोतल्या तेउआकान खोऱ्यातलं पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं मक्याचं कणीस, नूबियातल्या कस्र इब्रिमचा कापूस आणि ज्वारी, सगळे याच जातीतले.

तिसरा प्रकार चिखलात बुडालेला: जुन्या विहिरी, शौचकूप, तळ्यांचे तळ. हवा पोचत नाही, थंडावा असतो. द्राक्षाच्या बिया यात फार छान टिकतात. फ्रान्समधल्या अशा २८ बियांचं काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात ऑर्लेआँची मध्ययुगीन बी आणि आजची 'साव्हान्यां ब्लां' ही द्राक्षाची जात जनुकीयदृष्ट्या एकच निघाली. सुमारे नऊशे वर्षं लोक त्याच वेलाच्या काड्या लावत आलेत. नाशिककडच्या बागाईतदाराला हे सांगितलं तर त्याला नवल वाटणार नाही; काडी लावली की तोच वेल पुढे जातो हे तो रोजच बघतो.

चौथा प्रकार, खनिज भरून दगड झालेल्या बिया. सोडून द्या.

आणि हवामान विसरू नका. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीला ६१ सांगाडे-नमुने तपासले तेव्हा एकातून कामाचा डीएनए मिळाला, आणि ती हाडं होती, आतल्या कानाभोवतीचं सगळ्यात कठीण हाड धरून. दख्खनच्या काळ्या मातीत दर पावसाळ्यात भिजून दर उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या थरातल्या दाण्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करायची तर काही ठोस कारण हवं.

प्रश्न काय आहे ते एका ओळीत लिहा

"डीएनए काढायचाय" हा प्रश्न नव्हे. हा गहू की सातू, हे चांगली भिंगं आणि आधुनिक बियांचा संदर्भसंग्रह असेल तर दहा मिनिटांत, दाणा न मोडता कळतं. डीएनएकडे जायचं ते जिथे आकार मुका होतो तिथे: हे वाण आजच्या कुठल्या वाणाचं नातेवाईक, रानटी जातीशी संकर झाला होता का, दाणा न झडण्याचा गुण आला होता का.

उदाहरण माझ्या घरचंच देते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. आमच्याकडे खपली गहू असायचा. हा गहू मळला तरी दाणा सुटा होत नाही, टरफलासकट राहतो. आई उखळात कांडायची आणि श्रावणात त्याची खीर व्हायची. लंडनच्या पेट्री संग्रहालयात याच खपलीचा एक प्राचीन इजिप्शियन नमुना होता. १९२४ च्या उत्खननातला, हेमामिया नावाच्या ठिकाणचा, जवळजवळ शंभर वर्षं संग्रहात पडून राहिलेला. कार्बन-१४ ने तारीख आली इ.स.पू. ११३० ते १०००. २०१९ मध्ये त्याचा जीनोम आला, आणि त्याचं साम्य निघालं अरबस्तानातल्या आणि भारतातल्या देशी खपलीशी. म्हणजे पश्चिम आशियातून आग्नेयेकडे निघालेल्या जुन्या वाटेचा धागा. हे कुठल्याही भिंगाखाली दिसलं नसतं. तो निबंध वाचला त्या रात्री मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडे पण कांडायला लागत असणार." बरोबर आहे, लागायचंच.

यातून दुसराही धडा घ्या: नमुना जमिनीतूनच आला पाहिजे असं नाही. संग्रहालयांची कपाटं, शुष्क वनस्पतिसंग्रहातले जुने कागद हे प्राचीन डीएनएचे उत्तम साठे आहेत. आयर्लंडच्या दुष्काळातला बटाट्यावरचा करपा कुठल्या वंशावळीचा होता, हे २०१३ मध्ये संग्रहातल्या वाळक्या पानांवरूनच कळलं.

ट्रेंचमध्ये

समजा नशिबाने कोरडी गुहा मिळाली, किंवा दगडी भिंतीच्या सांदीत वाळकं धान्य सापडलं. मग पहिला नियम: पाणी नको. आपली सवय अशी की माती बादलीत ओतायची, ढवळायची, वर तरंगलेलं चाळणीत धरायचं. जळक्या दाण्यासाठी हे फ्लोटेशन उत्तम, वाळक्यासाठी घात. हजारो वर्षं न भिजलेला दाणा तुम्ही एका दुपारी भिजवता. कोरडी माती कोरड्या चाळणीतून चाळा.

दुसरा नियम जेवणाच्या डब्याचा. ट्रेंचच्या कडेला बसून पोळी खाल्ली, हात झटकले आणि पुन्हा थापी धरली, तर त्या थरात आजचा गहू पडला. गव्हावर काम असेल तर त्या हंगामात मी ट्रेंचपाशी भाकरीसुद्धा खाऊ देत नाही, मजूर बायका हसतात, "ताई, आता उपास घाला आम्हाला." पण त्यांना कारण सांगितलं की त्याच सगळ्यात काटेकोर पाळतात. पावडरवाले हातमोजे नकोत, ती पावडर बहुधा मक्याच्या स्टार्चची असते. कापसाच्या बोळ्यात दाणा ठेवू नका, विशेषतः कापसावर काम करत असाल तर. स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलची पुडी, ती कागदी पाकिटात, वर थर क्रमांक, तारीख, कुणी उचलला त्याचं नाव. कीड लागू नये म्हणून कुठलंही औषध मारू नका. सावलीत ठेवा, नंतर थंड आणि कोरड्या जागी. गाडीच्या डिकीत मे महिन्यात दोन दिवस पडलेला नमुना मी पाहिला आहे. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

त्याच थरातली चमचाभर मातीही वेगळी ठेवा. पुढे दाण्यात जे निघेल ते मातीतही आहे का, हे बघायला लागतं.

कागदपत्रं आणि फोटो

उत्खनन-संचालकांची आणि ज्या खात्याचं उत्खनन आहे त्याची लेखी परवानगी, त्यात 'नमुना नष्ट होणार' हे शब्द स्पष्ट. परदेशी पाठवायचा तर त्याचं प्रकरण वेगळं. त्याला महिने लागतात हे धरून चाला.

मग दाण्याचे फोटो, तिन्ही बाजूंनी, मोजपट्टीसह. लांबी, रुंदी, जाडी, वजन. शक्य असेल तर मायक्रो-सीटी, म्हणजे दाणा न मोडता आतलं दाखवणारं स्कॅन. एकदा दळला की "तो खपलीच होता ना?" या प्रश्नाला तुमच्याकडे फोटोच उत्तर देणार.

कापणे

आजचा खपलीचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. जुना याहून हलका. त्याचे दोन भाग करायचे: एक डीएनएसाठी, एक कार्बन-१४ साठी. त्याच दाण्याची तारीख हवी, शेजारच्या कोळशाची नव्हे. उंदीर आणि मुंग्या दाणे वरखाली नेतात, आणि तीन हजार वर्षांच्या थरात तीस वर्षांपूर्वीचा दाणा मजेत बसलेला असतो.

अंकुराच्या बाजूला पेशी दाट, म्हणून ती बाजू डीएनएला. उरलेला पिठाळ भाग तारखेला; तिथे कार्बन भरपूर.

वाळका दाणा काचेसारखा तडकतो. माझा पहिला दाणा मी उघड्या पेट्री डिशमध्ये, नव्या स्काल्पेलने, मोठ्या ऐटीत कापायला घेतला. टक् असा आवाज झाला आणि निम्मा दाणा हूडच्या (गाळलेल्या हवेच्या कामाच्या कपाटाच्या) जाळीपाशी गेला. चिमट्याने शोधून काढायला पाऊण तास. तेव्हापासून फॉइलची छोटी होडी करते, दाणा तिच्यात पालथा ठेवते, वर फॉइलचीच घडी दाबते आणि घडीवरून पातं टेकवून हळूहळू भार देते. कापायचं नाही, दाबायचं. दाणा दुभंगला की घडी उघडायची. आत फिकट पिवळी भुकटी दिसली तर मनात जरा उमेद धरावी. काळी, चकाकती कड दिसली तर दाणा आतून भाजलेला आहे, तिथेच थांबा आणि दोन्ही तुकडे तारखेसाठी ठेवा.

कापण्याआधी वरचा थर पात्याने खरवडून टाका. द्राक्षाच्या बीसारखं टणक असेल तर अगदी सौम्य ब्लीचमधून काही सेकंद काढून धुऊन घेता येतं, गव्हाच्या दाण्याला ते नको.

खोली

हे सगळं साध्या प्रयोगशाळेत होत नाही. जिथे आधुनिक गव्हाचं पीसीआर कधीही झालं आहे, त्या खोलीत प्राचीन गहू उघडायचा नाही. पीसीआरच्या एका नळीत मूळ तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. झाकण उघडताना उडालेला अदृश्य थेंबही पुरे. म्हणून वेगळी इमारत, गाळलेली हवा आत ढकलणारी यंत्रणा, रात्री अतिनील दिवे, टेबलं रोज ब्लीचने पुसलेली, अंगभर सूट, मुखपट्टी, दोन-तीन हातमोजे एकावर एक. एकदा पीसीआरच्या खोलीत पाय ठेवला की त्या दिवशी परत नाही. भारतात अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. लखनौची बिरबल साहनी संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) ही नावं आधी विचारात घ्या. स्वतः खोली उभारण्यापेक्षा सहकार्य मागणं शहाणपणाचं.

दर खेपेला किमान एक रिकामी नळी: सगळी रसायनं, दाणा नाही. माझ्या पहिल्या खेपेत त्या रिकाम्या नळीतच गहू निघाला. तीन आठवड्यांचं काम, आणि कारण बहुधा मीच. त्या दिवशी सकाळी घरी कणीक मळून, आंघोळ न करता तशीच गेले होते. शपथेवर सांगू शकत नाही, पण तेव्हापासून गव्हाच्या कामाच्या आदल्या रात्रीपासून कणकेला हात लावत नाही. नवरा पोळ्या करायला शिकला, हा एक फायदा.

रसायनं

इथे थोडक्यात. तुकडा बारीक दळायचा. हाडांसाठीचा नेहमीचा ईडीटीएचा बफर, म्हणजे द्रावण, इथे उपयोगाचा नाही, तो कॅल्शियम विरघळवायला असतो. वनस्पतीसाठी एसडीएस, डीटीटी आणि प्रोटिनेज-के (पेशी आणि प्रथिनं फोडणारी रसायनं) असलेला बफर घ्या, रात्रभर कोमट तापमानात फिरत ठेवा. साखर आणि प्रथिनं एकमेकांत अडकून बसलेली असतील तर पीटीबी नावाचं रसायन ती गाठ सोडवतं. सकाळी गाळ बसवा, वरचा द्राव ग्वानिडिनच्या बफरमध्ये मिसळून डीएनए धरून ठेवणाऱ्या सिलिका कॉलममधून काढा. नेहमीची किट लांब तुकड्यांसाठी बनलेली असतात. तुम्हाला ३० ते ७० अक्षरांचे (ए, टी, सी, जी ही डीएनएची अक्षरं) चुरे धरायचे आहेत, म्हणून बफरचं प्रमाण कितीतरी जास्त लागतं.

शेवटी हाती येणारा द्राव चहासारखा तपकिरी असेल तर घाबरू नका, पण तसाच पुढेही नेऊ नका. मातीतली आम्लं आणि झाडाची टॅनिनं विकरांना अडवतात. दहापट पातळ करून पुन्हा तपासा. पातळ केल्यावर निकाल सुधारला तर अडथळा होता हे नक्की.

मग तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ओळखपट्ट्या जोडून लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता येईल असा तुकड्यांचा संच. डीएनए फारच झिजलेला असेल तर एकेरी धाग्याची पद्धत महाग पण चांगली. सुरुवातीला सगळा पैसा सिक्वेन्सिंगवर ओतू नका. काही लाख तुकडे वाचून बघा: त्यातले किती टक्के तुमच्या झाडाचे? उरलेले मातीतल्या जिवाणूंचे असतात. तांदळाचा जीनोम सुमारे ४० कोटी अक्षरांचा, सातूचा ५०० कोटी, खपलीचा हजार कोटींच्या वर, साध्या गव्हाचा १,६०० कोटींच्या आसपास. एक टक्का डीएनएवर तांदूळ जमून जाईल. गव्हात त्याच एका टक्क्यावर तुम्ही कंगाल व्हाल. अशा वेळी हव्या त्या जनुकांचेच तुकडे गळाने ओढून घ्यायची पद्धत वापरा.

खरं की आजचं

संगणकावर क्रम असा: टोकाच्या पट्ट्या कापा, जोड तुकडे एकत्र करा, ३० अक्षरांहून लहान फेकून द्या, संदर्भ जीनोमवर बीडब्ल्यूए या प्रोग्रामने बसवा (जुन्या डीएनएसाठी त्यातली सीडिंग ही झटपट जुळवणी बंद ठेवा), दुहेरी नोंदी काढून टाका. गवतांचे जीनोम एकमेकांसारखे असतात, म्हणून एकट्या गव्हावर बसवू नका. गहू, सातू, तांदूळ, ज्वारी एकत्र ठेवून तुकडा कुठे सगळ्यात चांगला बसतो ते बघा. गव्हात तर एकाच दाण्यात एकमेकांसारखे दोन-तीन संच नांदत असतात. ज्या तुकड्याला दोन घरं सापडतात तो विश्लेषणातून बाद.

आता मुख्य परीक्षा. डीएनए जुना झाला की तुटक्या टोकांशी सायटोसिनचं (सी या अक्षराचं) युरॅसिल होतं आणि यंत्र सीच्या जागी टी वाचतं. मॅपडॅमेज या प्रोग्रामने आलेख काढा: डाव्या टोकाला सीचे टी चढलेले, मध्ये सपाट, उजव्या टोकाला जीचे ए चढलेले. दोन्ही ओठ वर गेलेलं हसू. माझ्या रिकाम्या नळीतल्या गव्हाचा आलेख काढला तेव्हा रेघ सरळ होती आणि तुकडेही लांब. कालच्या कणकेचा गहू हसत नाही.

ही परीक्षा किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण ब्रिटनचं. २०१५ मध्ये समुद्राखालच्या बोल्डनर क्लिफच्या आठ हजार वर्षांच्या गाळात गव्हाचा डीएनए मिळाल्याचा दावा झाला. तिथे शेती पोचली असं मानतात त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी! त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेच तुकडे तपासून दाखवलं की इतक्या जुन्या डीएनएवर अपेक्षित असलेली झीज त्यांच्यावर दिसत नाही. वाद झाला. तुमच्या बाबतीत तो होऊ नये म्हणून झिजेचा आलेख, रिकाम्या नळीचा निकाल आणि थेट दाण्याची तारीख या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय कुणालाही, विशेषतः वर्तमानपत्रवाल्यांना, काही सांगू नका.

निकाल 'काहीच निघालं नाही' असा आला तरी छापा. कुठला थर, किती खोल, कसा दाणा, किती टक्के. पुढचा माणूस तोच दाणा पुन्हा दळणार नाही.

आणि जो तुकडा उरला असेल तो फॉइलच्या नव्या पुडीत, मूळ पाकिटातच परत ठेवा. पाकिटावर पेन्सिलने लिहा, शाई उडते: कुणी कापला, कोणत्या दिवशी, किती मिलिग्रॅम नेला, किती उरला.